तिजोरीत एकच खण रिकामा : पुढचं पिस्तूल कोणतं?

मंडळी,

संग्रहाचं वेड असणाऱ्यांना माझी अडचण कळेल, बाकीच्यांनी हसून सोडून द्यावं. तिजोरीला पाच खण आहेत आणि चार भरलेत. १९११ ए१, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १०, वॉल्थर पीपी आणि ग्लॉक १७. पाचव्या खणासाठी वेब्ली मार्क ६ की ब्राउनिंग हाय-पॉवर, यात दोन वर्षं गेली. सकाळी वेब्ली पक्कं होतं, रात्री झोपताना हाय-पॉवर.

परवाना आणि कायदा जिथला तिथला, ती चर्चा इथे नको. कागद चोख आहेत असं धरून चाला. मला ‘सर्वांत भारी दहा’ अशी यादीही नकोय. तुम्ही तुमचं शेवटचं हत्यार कशावरून निवडलंत आणि नंतर हळहळलात का, एवढं मनमोकळं लिहा. घेता घेता राहून गेलं असेल तर तेही चालेल.

*

माझी निवड फार सोपी असते, कारण मी देश, साल, कारखाना यांतल्या कशाच्याच मागे नाही. मला कुलपं जमवायचीत. गोळी सुटते त्या क्षणी नळीचं मागचं दार कोण धरून ठेवतं, एवढाच माझा प्रश्न.

तुमच्या पीपीत कोणीच धरत नाही. स्लाइडचं, म्हणजे नळीवरून मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचं, वजन आणि स्प्रिंग, बस. म्हणून ते काडतूस लहान. १९११ मध्ये नळीच्या पाठीवरचे कंगोरे स्लाइडच्या खाचांत अडकलेले असतात, आणि नळीखालची छोटी झुलती कडी तिचं बूड खाली ओढते तेव्हा ते सुटतात. पी-३८ मध्ये नळी सरळ मागे येते आणि तिच्या पोटातला ठोकळा खाली पडतो. लूगरमध्ये माणसाचा गुडघा दुमडावा तशी मागच्या दोन दांड्यांची जोडी वर दुमडते. चेक व्हीझेड ५२ मध्ये दोन रोलर बाजूला सरकतात. हेकलर अँड कॉखच्या पी७ मध्ये तर कुलूपच नाही. नळीतला थोडा वायू खालच्या नळकांड्यात शिरतो आणि स्लाइडला मागे यायला उशीर करायला लावतो. भराभर दोन-तीन मॅगझिनं झाडली की चापाच्या वरचा भाग इतका तापतो की बोट आपोआप आखडतं.

माझं शेवटचं पी७ होतं. आठ महिने थांबलो. त्याआधी एक फारच देखणं १९११ स्वस्तात मिळत होतं, सोडलं. ते कुलूप माझ्याकडे होतं.

तुमच्याबद्दल सांगायचं तर मी आधी लिहिणार होतो की हाय-पॉवर घेऊ नका, कारण १९११ आणि ग्लॉक दोन्ही त्याच झुकत्या नळीच्या घराण्यातले, तिसरं भावंड कशाला? मग लक्षात आलं की उलट आहे. १९११ मधली झुलती कडी ग्लॉकमध्ये नाही. तिथे नळीखालीच घडवलेला उतार तेच काम करतो. हा बदल कुठे झाला? हाय-पॉवरमध्ये. आराखडा सुरू करणारे जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये गेले, काम बेल्जियमच्या एफएन कारखान्यातल्या साइव्ह यांनी पुरं केलं, १९३५ मध्ये पिस्तूल आलं. तुमच्याकडे आजोबा आहेत, नातू आहे. मधला बाप गायब आहे.

*

वेब्लीवाल्यांनो, घाईत असाल तरी एवढं वाचा.

मी मार्क ६ घेतलं ते फोटोवर भाळून. वरून मोडणारी चौकट, खटका दाबला की नळी खाली झुकते आणि सहाही टरफलं एकदम वर येतात. हा प्रकार पाहिला की माणूस गारद होतो. विकणारा म्हणाला, ‘शिवाय याला पॉइंट पंचेचाळीस एसीपी काडतूस चालतं, जुनं पॉइंट चारशे पंचावन्न शोधत बसायला नको.’ मला तो फायदाच वाटला.

तो फायदा नसतो. जुनी काडतुसं मिळेनाशी झाली म्हणून पुष्कळ वेब्लींच्या सिलिंडरचा मागचा भाग तासून घेतला गेला, म्हणजे अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये एसीपी बसावं. बसतं, पण कारखान्यात भरलेल्या नेहमीच्या एसीपीचा दाब हा सिलिंडर ज्यासाठी बनला त्याहून बराच जास्त. एकदा-दोनदा काही होत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. मी बारा गोळ्या झाडल्या. मग रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काही न बोलता माझ्या हातातून ते घेतलं, सिलिंडर उजेडात धरलं आणि विचारलं, ‘घरी कोणी आहे ना?’

आता ते फक्त बघण्यासाठी आहे. हलक्या भरतीची काडतुसं स्वतः भरून चालवणारे आहेत, माझ्यात तेवढी चिकाटी नाही.

तुम्ही बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा नळी नका बघू. सिलिंडर मागून बघा. आकडे, खुणा अर्धवट कापल्यासारख्या दिसल्या तर समजा तासलंय.

*

पुढचं पिस्तूल घेऊ नका. आहेत त्या चारांची मॅगझिनं आणि स्प्रिंगा घ्या. मी हे सहावं घेतल्यावर शिकलो. बस एवढंच.

*

माझा अनुभव थोडा उलटा आहे. मी निवडलं नाही, हट्ट केला.

मला नागां १८९५ हवं होतं, कारण त्यात घोडा मागे घेतला की अख्खा सिलिंडर पुढे सरकतो आणि नळीला चिकटतो. काडतूसही असं की गोळी टरफलाच्या आत बुडालेली, टरफलाचं तोंड फट बुजवतं. बहुतेक रिव्हॉल्व्हरांत सिलिंडर आणि नळीच्या मधून वायू निसटतो, इथे नाही. सात गोळ्या. असली भन्नाट कल्पना हातात घेऊन बघायची होती, नेमबाजीशी देणंघेणं नव्हतं.

माझे हात लहान आहेत. डबल ॲक्शनमध्ये चाप ओढायला गेले तर तो हलेचना! मला वाटलं अडकलाय. दुसरं बोट लावलं. दोन्ही हातांची दोन बोटं लावून ओढला तेव्हा घोडा पडला आणि पुठ्ठ्याच्या बाजूची माती उडाली. कारण साधं आहे, त्या एका चापाला घोडाही उचलायचा असतो आणि सिलिंडरही ढकलायचा असतो. रिकामी टरफलं काढायची तर एकेक, बाजूच्या दारातून, काडीने ढोसून. मागचे लोक जांभया द्यायला लागतात.

घोडा अंगठ्याने मागे घेऊन चालवलं की मात्र ठीक. हळहळ? अजिबात नाही. महिन्यातून एकदा नुसता घोडा मागे घेते आणि सिलिंडर पुढे येताना बघते. पण तुम्हाला झाडण्यासाठी हवं असेल तर आधी मूठ हातात घेऊन बघा, चाप कोरडा, म्हणजे गोळी न भरता, ओढून बघा. फोटोतून बोटांची लांबी कळत नाही.

*

वरच्या ताईंना एक दुरुस्ती नव्हे, जोड. कोरडा चाप ओढताना आधी विचारा. व्हीझेड ५२ ची मूळ फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) अशी ठिसूळ असते की रिकामं चालवून तुटते. आणि बावीसच्या (पॉइंट टू-टूच्या) रिमफायरमध्ये, जिथे पिन काडतुसाच्या कडेवर आदळते, रिकामं चालवलं तर ती थेट काडतुसाच्या कोठीच्या कडेवर आपटू शकते. दुसऱ्याच्या वस्तूवर हात साफ करायचा तर परवानगी घ्यावी, आपली असेल तर नकली काडतूस घालावं.

*

हे लिहावं की नको असा विचार करत होतो. लिहितोच.

माझ्याकडे एक पी-३८ आलं. स्लाइडवर ‘एसी ४२’. लढाईत कारखान्यांची नावं लपवायला अशी अक्षरं ठोकायचे. एसी म्हणजे वॉल्थर, बीवायएफ म्हणजे माउझर, सीवायक्यू म्हणजे श्प्रेवेर्क, आणि ४२ हे साल. ब्लूइंग (लोखंडावरचा काळा-निळा थर) कडांवर उडालेलं, मुठीच्या वर तपकिरी छटा. चालायला उत्तम. नंबर सगळीकडे जुळत होते.

मला ते कळकट वाटलं. मी ते घासून-पुसून नव्याने काळंभोर करून घेतलं. करणाऱ्याने काम मन लावून केलं, त्यात त्याचा दोष नाही. मी मागितलं तेच त्याने दिलं. आरशासारखं चकाकत घरी आलं आणि पहिले दोन दिवस मी हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी चष्मा लावून बघितलं. यंत्राने पाडलेल्या रेघा, ज्या १९४२ च्या घाईत कारखान्याने तशाच सोडल्या होत्या, त्या गेल्या. कडा गोल झाल्या. ‘४२’ मधला दोन कसाबसा. तपासणीचे छोटे शिक्के तर जिभेवर विरघळलेल्या गोळीसारखे झाले होते. एका जाणत्या मित्राला दाखवलं. त्याने ते उचललं, उलटलं, पुन्हा कापडावर ठेवलं आणि क्रिकेटचा विषय काढला.

तेव्हापासून पुढचं काहीही निवडताना मी एकच बघतो. ह्याला मी आहे तसं ठेवू शकेन का? हात शिवशिवणार असतील तर ते माझ्यासाठी नाही. मग मी सरळ नवं, चकाचक, आजच्या बनावटीचं घेतो. त्याला घासलं तरी कोणाचं काही जात नाही. लूगर मात्र मी अजून घेतलेलं नाही. त्यात बारक्या भागांवरही नंबराचे शेवटचे दोन आकडे असतात आणि मला माझा भरवसा नाही.

*

अवांतर, पण पी-३८ वरून आठवलं. जुनं हत्यार जुन्या चामड्याच्या म्यानासकट मिळालं तर दोघांना वेगळं झोपवा. चामडं दमट हवा ओढतं, आणि ते कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला लागतात. मी ‘जोडी तोडायची नाही’ म्हणून एका वर्षभर तसंच ठेवलं. काढलं तेव्हा म्यानाची शिवण स्लाइडवर गंजाने रेखलेली होती, टाका न् टाका मोजता येईल अशी.

*

सगळे इतिहासात रमलेत म्हणून माझं साधं म्हणणं. चार हत्यारं आहेत आणि त्यात एकही पॉइंट टू-टू नाही? मग पाचवं कोणतं हा प्रश्नच कुठे उरतो?

धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, काडतूस सर्वांत स्वस्त. माझं रुगर मार्क २ घेतल्यापासून बाकीची फक्त सणासुदीला बाहेर येतात. नेम सुधारला तो याच्यामुळेच. मोठ्या कॅलिबरमध्ये मी दचकतो हे मला ठाऊकच नव्हतं. बावीसवर शंभर गोळ्या झाल्यावर मध्येच १९११ हातात घेतलं तेव्हा माशी, म्हणजे नळीच्या टोकाची नेमाची खूण, खाली बुडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

आता तोटा. ते खोलायला सोपं, जोडायला नाही. घोड्याच्या मागची बारीक दांडी मुठीतल्या स्प्रिंगच्या वाटीत नेमकी पडायला हवी. त्यासाठी पिस्तूल उलटं धरा, मग सुलटं, मग चाप दाबा, मग पुन्हा तिरकं, जणू अंगात आलंय. पहिल्या वेळी दोन तास गेले. बायको म्हणाली, ‘दुकानात विचार ना.’ मी म्हणालो, ‘सगळं कळलंय मला,’ आणि आणखी एक तास गेला. मार्क ४ मध्ये मागे एक बटण दिलंय, दाबलं की वरचा भाग बिजागरीवर उघडतो. २०१६ मध्ये ते आलं तेव्हा मला आनंद झाला की राग आला, अजून ठरत नाही.

*

+१ बावीसला. आणि मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: काडतुसापासून सुरुवात करा, मग पिस्तूल. मी मकारोव घेतलं तेव्हा ‘नऊ मिलिमीटरच आहे ना’ म्हणून निर्धास्त होतो. मकारोवचं नऊ वेगळं. टरफल अठरा मिलिमीटर लांबीचं, गोळीही थोडी जाड, सव्वानऊच्या वर. कपाटात भरलेली एकोणीसवाली काडतुसं तशीच राहिली. तुमच्या ग्लॉकचं काडतूस हाय-पॉवरला चालतं, वेब्लीला नाही. हाही मुद्दा मोजा.

*

धागाकर्ता परत हजर. सगळ्यांचे आभार, पी-३८ वाल्या दादांचे विशेष.

गेल्या आठवड्यात दोन्ही एकाच दिवशी बघून आलो. वेब्ली आधी. सांगितल्याप्रमाणे सिलिंडर मागून बघितला. तासलेला. विकणारा काही बोलायच्या आत मी ते खाली ठेवलं, पण नळी मोडून टरफलं उडवायचा खेळ तीनदा करून घेतला.

मग हाय-पॉवर. मूठ अशी बसली की हात काढावासा वाटेना, तेरा गोळ्यांचं मॅगझिन असूनही जाड वाटत नाही. चाप मात्र चरचरीत. मॅगझिन काढलं की चाप लागू नये म्हणून जी योजना आहे ती आतून मॅगझिनवर घासते, त्याचा हा परिणाम. परवानगीने पाच गोळ्या झाडल्या. पाचव्या गोळीला घोड्याने अंगठ्याच्या बेचक्यात चावा घेतला. माझे हात गुबगुबीत आहेत, ही गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवी होती.

घरी येऊन बेचक्याला पट्टी लावली आणि कापडावर १९११ ची नळी ठेवली, झुलत्या कडीसकट. शेजारी एका नळीची जागा सोडून ग्लॉकची ठेवली. बराच वेळ बघत बसलो.

हाय-पॉवरचे कागद काल पाठवले. आणि हो, तिजोरीतल्या फळ्या मोजल्या. आडव्याऐवजी उभ्या लावल्या तर खण सहा होतात. कोणाकडे न तासलेलं मार्क ६ असेल तर कळवा.