मोटारहोम घेऊन घाट उतरताना

मोटारहोम, म्हणजे आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन गगनबावड्याहून भुईबावडा घाटानं कोकणात उतरू का, असं एकानं विचारलंय. भावा, पावसाळ्यात तरी नको. रस्ता अरुंद, वळणं अवघड, त्यात धुकं आणि दरडी. एवढ्या लांब गाडीला कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचा आंबा घाट बरा.

गाडीतल्या पाण्याच्या टाकीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. २०० लिटर म्हणजे २०० किलो, आणि टाकी अर्धी असली की वळणावर पाणी हिंदकळून गाडी ओढते. उतरण्याआधी रिकामी करा, खाली कोकणात भरून घ्या. उतार खालच्या गिअरात. सारखा ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. न्यूट्रल तर अजिबात नको. डिझेल वाचवायची हौस दुसरीकडे भागवा! आणि हो, निघण्याआधी गॅस सिलिंडर बंद.