दत्तक मुलाला त्याचं आधीचं आयुष्य कसं सांगावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यात फोंड्याजवळ राहतो. मुलगा घरी आला तेव्हा पाच वर्षांचा होता, आता आठवं सरत आलंय. दत्तक आहे हे त्याला ठाऊक आहे. अडलंय ते त्याआधीच्या वर्षांपाशी.

चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना त्याच्या हातून सुपारीचा घोस निसटला. कुणी चकार शब्द काढला नाही, तरी हा आत जाऊन दप्तरात कपडे भरायला लागला. म्हणाला, "मी बरणी फोडली म्हणून पयल्या आईनं मला दिलं. आता तुम्ही पण देणार."

संस्थेने दिलेल्या बालक अध्ययन अहवालात बरणीबिरणी काही नाही. वडील दारू पिऊन मारायचे, आई आजारी, शेवटी दोघांनी बालकल्याण समितीपुढे त्याला सोडल्याची सही केली. विचार बदलायला कायद्याने दोन महिने मिळतात, त्यातही कुणी आलं नाही.

इंग्लंडमध्ये दत्तक मुलांना जीवनकथेची वही (आधीपासूनची गोष्ट, फोटो, आठवणी असलेली) करून देतात, तशी करायची आहे. पण त्याचा आधीचा एकही फोटो नाही. सासूबाई म्हणतात, खपली काढू नकोस. नवरा म्हणतो, मोठा झाला की बघू. "देवाने तुला आमच्याकडे पाठवलं" छापाची गोष्ट मला सांगायची नाही (मग बरणीचं काय?). दारू, मार हे आठ वर्षांच्या मुलाला कितपत सांगावं? जाणकारांनी कृपया लिहावं.

– सातेरीची लेक

रानमोगरा: ताई, मोठा होईपर्यंत थांबू नका. गोष्ट त्याने रचलेलीच आहे, आणि त्यात गुन्हेगार तोच आहे. लहान मुलं घरातल्या आपत्तीचं कारण स्वतःतच शोधतात. मी समुपदेशनात लांब कागदाची गुंडाळी जमिनीवर पसरते आणि मुलाला त्यावर आपलं आयुष्य काढायला सांगते. सुरुवात आजपासून: आत्ताचं घर, शाळा, मित्र. मग मागे जायचं आणि दर वेळी आजवर परत येऊन थांबायचं. तो गप्प झाला, विषय बदलला, की त्या दिवशी पुरे.

मार लपवू नका, तपशीलही नकोत. "बाबा खूप दारू प्यायचे, मारायचे, घर तुझ्यासाठी सुरक्षित नव्हतं. आई आजारी होती, तिला सांभाळणं जमलं नाही. मोठ्यांचं काम मोठ्यांना जमलं नाही, तुझ्यामुळे काही झालं नाही." हे शेवटचं वाक्य तोंडाने म्हणा, पुन्हापुन्हा. वडिलांना राक्षस करू नका. उद्या तो स्वतःला राक्षसाचा मुलगा समजेल. झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, तर वही बाजूला ठेवून बांबोळीला आयपीएचबीच्या (सरकारी मनोरुग्णालयाच्या) ओपीडीत दाखवा. नावाला बिचकू नका.

चिरेबंदी: आमची मुलगीही दत्तक. फोटो आमच्याकडेही नव्हते. संस्थेला विचारून फाटकाचा, आंब्याच्या झाडाचा फोटो काढला. तिला भरवणाऱ्या मावशींनी सांगितलं, ही पेजेतलं लोणचं आधी चाटून संपवायची. वहीतलं तिचं सगळ्यात आवडतं पान तेच. अहवालाची प्रत जपा. मूळ शोधायचा अर्ज अठरानंतर मूल एकट्याने करू शकतं, त्याआधी पालकांसोबत. आणि इथे त्याचा फोटो, शाळा काही टाकू नका. मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारं बालन्याय कायद्याचं कलम ७४ आहे.

सातेरीची लेक: दोघांचे आभार. उद्याच संस्थेत फोन करते. रानमोगरा, गुंडाळीवर त्याने बरणीच काढली तर? काढू द्यायची ना?

रानमोगरा: काढू दे की! मग शेजारी बाबांची बाटली कुठे होती तेही त्यालाच विचारा.