प्रतिसाद: डॉली पार्टनची श्रीमंती

अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टनचा पैसा मैफली आणि अल्बमच्या विक्रीतून आला, हे म्हणणं मला अपुरं वाटतं. गिटार वाजवत ती स्वतः गाणी रचते आणि त्यांचे हक्क जपते, खरं गमक तिथे आहे. १९७४चं तिचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गाणं प्रसिद्ध गायक एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने निम्मे प्रकाशनहक्क, म्हणजे रचनेच्या कमाईतला निम्मा वाटा, मागितले. तिने रडत रडत का होईना, नकार दिला. केवढी हिंमत! पुढे १९९२मध्ये गायिका व्हिटनी ह्यूस्टनने ते 'द बॉडीगार्ड' चित्रपटासाठी गायलं आणि अमेरिकेत ते लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. आवाज व्हिटनीचा, पण रचनेची रॉयल्टी डॉलीकडेच आली.