मदत हवी आहे: स्टिरिओ स्पीकर पॅक कसे करायचे? ओरिजिनल खोकी नाहीत

तारसप्तक:

महिनाअखेरीला घर बदलतोय, नवीन घर सहा-सात तासांच्या रस्त्यावर आहे. बाकी सामानाची मला काडीची काळजी नाही पण स्पीकरचं काय करायचं ते काही सुचत नाहीये. दोन जोड्या आहेत. एक बुकशेल्फ, म्हणजे टेबलावर मावणारे छोटे, एकेक साडेसात किलोचा, सिल्क डोम ट्वीटर (बारीक आवाजाचा, रेशमी घुमटासारखा), पोर्ट (हवेचं भोक) मागच्या बाजूला. दुसरी जोडी काकांकडून आलेली, जुने फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभे राहणारे उंच), एकेक 22 किलो, खाली स्पाइक (टोकदार पाय) आणि वरून खऱ्या लाकडाचं व्हिनियर (पातळ थर). ओरिजिनल खोकी एकाचीही नाहीत. बुकशेल्फची होती, थर्माकोलसकट, तीन वर्षं माळ्यावर पडून होती आणि मागच्या साफसफाईत मीच मोठ्या मनाने टाकून दिली. त्यावर इथे कुणी बोलू नका, घरी रोज ऐकतोय.

मागच्या शिफ्टिंगला काय झालं ते सांगतो. माणसांनी ग्रिलसकट (समोरची जाळी) बबल रॅपचे चार वेढे मारले, वरून ब्राउन टेप, आणि म्हणाले टेन्शन घेऊ नका. उघडून बघतो तर बुकशेल्फचं मॅग्नेटवर बसणारं ग्रिल आतल्या आत घसरलेलं, त्याची कड नेमकी ट्वीटरवर टेकलेली आणि डोम आत गेलेला, पिंगपाँगचा बॉल अंगठ्याने दाबल्यावर होतो ना तसा. टेपचा छोटा तुकडा हलक्या हाताने लावून तो कसाबसा बाहेर ओढला. एक बारीक सुरकुती अजून आहे, आवाजात फरक कळत नाही, किंवा मला तो कळून घ्यायचा नाहीये. काकांच्या एका स्पीकरला तर टेप थेट लाकडावर चिकटवलेली, सोडवताना व्हिनियरचा नखाएवढा पापुद्रा तिच्याबरोबर निघून आला.

म्हणून या वेळी पॅकिंग मी स्वतः करणार. खोक्यात कागदाचे बोळे ठासून भरले तर पुरतं का? स्पीकर उभे न्यायचे की आडवे? आणि एकाने सांगितलं की लाल आणि काळं टर्मिनल तारेने एकमेकांना जोडून टाक मग ने, ही मस्करी होती का खरंच असं करतात? जाणकारांनी प्लीज सांगा.

सोल्डरवाला:

बबल रॅप ओरखड्यांसाठी असतो हो, आपटण्यासाठी नाही. स्पीकरमध्ये सगळ्यात जड वस्तू आणि सगळ्यात नाजूक वस्तू एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. वूफर म्हणजे खर्जाचा मोठा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग), त्याच्या पाठीमागचा फेराइट मॅग्नेट, ड्रायव्हरचं बरंचसं वजन त्यातच. खोकं जमिनीवर आदळतं, कॅबिनेट थांबतं, मॅग्नेट मात्र पुढे जायला बघतो, आणि बऱ्याच ड्रायव्हरमध्ये तो नुसता चिकटवलेला असतो. व्हॉइस कॉइल (समोरच्या शंकूसारख्या पडद्याला, म्हणजे कोनला, जोडलेलं तारेचं वेटोळं) ज्या फटीत मागेपुढे होते ती फट मिलिमीटरपेक्षाही लहान, त्यामुळे मॅग्नेट केसभर जरी सरकला तरी कॉइल घासायला लागते किंवा जाम होऊन बसते. माझ्याकडे एक असा आला होता, खोक्याला पोचा नाही, कॅबिनेटला ओरखडा नाही, आणि कोन दाबला तर दगड.

तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. कॅबिनेट खोक्यात अजिबात हलता कामा नये आणि ड्रायव्हरला कशाचाही स्पर्श होता कामा नये.

ग्रिल काढून वेगळं पॅक करा. त्याच्या जागी जाड पुठ्ठा, समोरच्या फळीएवढाच कापलेला, मागून चारही कडांना फोमच्या पट्ट्या चिकटवून उचलून धरलेला, म्हणजे तो फक्त कडांवर टेकेल आणि डोम आणि सराउंडपासून (कोनभोवतीची मऊ कड) लांब राहील. टेप लाकडाला लावायची नाही, एवढं तुम्ही शिकलाच आहात. नवीन टीव्हीबरोबर येते तसली पांढरी मऊ फोम शीट आधी गुंडाळा, त्यावर बबल रॅप, आणि बुडबुडे बाहेरच्या बाजूला. उलटा लावला आणि गाडी उन्हात उभी राहिली तर पॉलिशवर गोल गोल ठसे उठतात ते जन्मभर जात नाहीत. वरून प्लास्टिकची पिशवी, पावसाचा काय भरवसा.

मग घट्ट बसेल असं आतलं खोकं आणि ते चारही बाजूंनी, वर आणि खाली निदान 5 सेंटिमीटर मोठ्या दुसऱ्या खोक्यात, मधे आठही कोपऱ्यांना दाट फोमचे ठोकळे. बाहेरचं सात प्लायचं (सात थरांच्या पुठ्ठ्याचं) घ्या, बुकशेल्फला पाच प्लाय चालेल. कागदाचे बोळे नकोत. 22 किलोचं धूड त्यांना तासाभरात दाबून सपाट करतं, मग वर जागा होते आणि उरलेला रस्ता स्पीकर आत उड्या मारत जातो. थर्माकोलच्या सुट्या गोळ्या तर त्याहून वाईट, पोर्टमधून आत शिरतात आणि पुढची सहा महिने खर्ज वाजला की आतून खडखड ऐकत बसा.

तारेचं खरंय, मस्करी नाही. मॅग्नेटमध्ये कॉइल हलली की वीज तयार होते आणि टर्मिनल जोडलेली असली की तीच वीज कॉइलला ब्रेक लावते. करून बघा, तार लावून वूफरच्या कोनवर चार बोटं सारखी ठेवून हळूच ढकला, तार काढून परत ढकला, हाताला फरक लागेल. गचके खाताना कोन कमी डुलतो इतकाच त्याचा उपयोग. ट्वीटरला फायदा नाही कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर (अशी मंद गतीची वीज अडवणारा भाग) असतो, आणि खोकं पडलं तर तार काही वाचवणार नाही. पण पोचल्यावर ती काढायला विसरलात तर तो ॲम्प्लिफायरला सरळ शॉर्ट आहे, तेव्हा तारेला हातभर लाल रिबीन बांधा, दिसलीच पाहिजे अशी.

निवांत_श्रोती:

सोल्डरवालांशी सहमत. उभे की आडवे ते राहिलं बघा. बुकशेल्फ कसेही न्या. फ्लोअरस्टँडर मी स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर पाठीवर झोपवून नेलेत, तोंड वर, खाली गादी, वरून सीटबेल्ट. उंच वस्तू, तळ अरुंद, उभं ठेवलं की पहिल्याच ब्रेकला कोसळणार.

आणि स्पाइक काढा!! मी एकदा कंटाळा केला होता. खोक्याचा तळ तर फाडलाच, शेजारी ठेवलेल्या सूटकेसमध्येही बोटभर आत गेला होता.

सोल्डरवाला:

ताई, गाडीत बरोबर आहे. टेम्पोत मात्र मी उभेच ठेवतो, पुढच्या भिंतीला टेकवून पट्ट्याने आवळून, कारण आडव्या खोक्यावर कोणीतरी दुसरं सामान रचतंच. तोंडावर पालथा मात्र कुठेच नको. आणि दोन स्पीकर समोरासमोर तोंड करून एका खोक्यातही नको, कितीही हुशारीचं वाटलं तरी. प्रत्येकाला आपलं खोकं.

माळ्यावरचा:

खोक्यावर "नाजूक" लिहून काही होत नाही, ते सगळेच लिहितात. "22 किलो, दोघांनी उचला" लिहा. स्पीकर पडतो तो एकट्याने उचलायला गेलेल्याच्या हातून.

दुसरं, बांधण्याआधी चारही स्पीकर वाजवून व्हिडिओ काढा, पाठीमागचा सिरियल नंबर त्यात येऊ द्या. आणि ट्रान्झिट इन्शुरन्स घेणार असाल तर सही करायच्या आधी वाचा, मालकाने स्वतः पॅक केलेल्या खोक्याची भरपाई नाही असं कलम पुष्कळदा असतं.

तारसप्तक:

सगळ्यांचे आभार. व्हिडिओसाठी काल सगळे वाजवायला घेतले, 20 हर्ट्झपासून वर जाणारा टेस्ट टोन लावला, आवाज अगदी कमी. बुकशेल्फ ठीक. काकांचा डावा चाळीसच्या आसपास फडफडायला लागला, पतंगाच्या शेपटीसारखा. ग्रिल काढून वूफरच्या कडेला बोट लावलं तर कड बोटाला चिकटून आली. काळा ओलसर भुगा. उजवा बघितला, तोही तसाच, फक्त अजून फाटला नाहीये. म्हणजे हे पोचल्यावर दिसलं असतं तर मी शिफ्टिंगवाल्यांशी कडाकडा भांडलो असतो. आता काय करू, टाकून देऊ का?

सोल्डरवाला:

टाकू नका अजिबात! तो फोमचा सराउंड आहे, 15-20 वर्षांत हवेतल्या ओलाव्यानेच त्याचा भुगा होतो, वाजवा नाहीतर नका वाजवू. रबराचा असता तर टिकला असता. रीफोमिंग, म्हणजे नवीन फोमची कड बसवणं, होतं, कोनचा व्यास नीट मोजून त्या मापाची रिंग मागवायची. तोवर वाजवू नका, कोनला आता फक्त आतल्या स्पायडरचा (कॉइल मधोमध धरणारी लवचिक चकती) आधार आहे, वाकडा हलला तर कॉइल घासेल.

खरं तर तुमचं काम सोपं झालंय. वूफर तसेही खोलायचेच आहेत, मग आत्ताच काढा आणि वेगळ्या छोट्या खोक्यात मॅग्नेटवर बसवून तोंड वर करून न्या. कॅबिनेट पण हलकं होईल. वायरींचा आधी फोटो काढा, प्लस कुठला मायनस कुठला. आणि स्क्रू काढताना दुसरा हात आडवा धरून कोन झाका, कारण मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर असा खेचून घेतो की हातातून निसटून टोक सरळ कोनच्या आरपार. माझं झालंय, दोनदा. काढलेले वूफर हार्डडिस्क आणि जुन्या कॅसेटपासून लांब ठेवा.

तारसप्तक:

काढले. हात आडवा धरला होता, खरंच खेचतो, पहिल्याच स्क्रूला मनगटावर टोचलं. दोन्ही कॉइल मल्टिमीटरवर 6 ओहमच्या आसपास दाखवतायत, स्पीकरवर 8 लिहिलंय.

सोल्डरवाला:

ठीक आहेत मग. 8 ओहमवाल्याचं मल्टिमीटरवरचं (डीसी) रीडिंग थोडं कमीच येतं.

तारसप्तक:

पोचलो, अपडेट देतो. खोकी सहा झाली, दोन वूफरची धरून. एका खोक्याचा कोपरा चेपलाय पण फक्त बाहेरच्याचा, आतलं जसंच्या तसं. बुकशेल्फ रात्रीच लावले, दोन्ही डोम शाबूत, जुनी सुरकुती आहे तिथेच आहे. घाईघाईत मागे हात घालून ॲम्पची वायर जोडायला गेलो तर हातात लाल रिबीन आली.

रिंगचं माप उद्या टाकतो, बघून सांगा.