मदत हवी आहे: वरच्या कानातली दांडी सैल झाली आहे, बुगडी कधी घालता येईल?

प्रश्न

बुगडीच्या जागी कान टोचून दहा आठवडे झाले. सुईने टोचलाय, गनने नाही. आत टायटॅनियमची दांडी आहे: १६ गेज, म्हणजे १.२ मिमी जाड, ८ मिमी लांब, मागे चपटी चकती. सूज उतरली आहे. चकती कानाला टेकवली की पुढे ३ मिमी दांडी मोकळी दिसते आणि केस विंचरताना अडकते. भोक कडेपासून ४ मिमी आत आहे. मागे मोहरीएवढी पुळी आली आहे.

घरात २२ कॅरेटची मोत्यांची बुगडी आहे. तार ०.८ मिमी, फिरकीची. पुढच्या महिन्यात घरी लग्न आहे. दांडी किती लांब घेऊ? ६ मिमीची रिंग चालेल का? आणि बुगडी?

प्रतिसाद

८ मधून ३ गेले, म्हणजे कान तिथे ५ मिमी जाड. १ मिमी मोकळीक ठेवून ६ मिमीची दांडी घ्या, जाडी १६ गेजच. पुळीचं कारण बहुतेक तीच सैल दांडी: दांडीच्या पुढच्या डोक्याच्या वजनाने ती तिरकी होते आणि भोकाचं तोंड घासत राहते. त्या कुशीवर झोपत असाल तर तेही बंद करा.

टायटॅनियम घेताना एएसटीएम एफ१३६ दर्जाचं (शरीरात बसवण्यालायक) आहे ना, विचारा. नुसतं 'सर्जिकल स्टील' लिहिलेल्यात निकेल असतं. बदल मात्र टोचणाऱ्याकडूनच करून घ्या. इतकं ताजं भोक दांडी निघताच आवळतं.

रिंग आत्ता नकोच. भोक सरळ, रिंग वाकडी, त्यामुळे दोन्ही तोंडांवर ताण येतो. सहा ते बारा महिन्यांनी, भोक पूर्ण बरं झाल्यावर घाला, तीही आतून ८ मिमी व्यासाची. तुमची कड ५ मिमी जाड आणि भोक ४ मिमी आत, एवढं ६ मिमीच्या रिंगमध्ये मावत नाही. ती कान चिमटून धरेल.

प्रतिसाद

बुगडीबद्दल. ०.८ ची तार १.२ च्या भोकात सहज जाईल, आणि धोका तिथेच आहे. बारीक तारेवर मोत्यांचं वजन आलं की तार भोक खाली ओढते. शिवाय भोक तारेभोवती आवळलं की जुनी १.२ ची दांडी परत जात नाही. फिरकीचे आटे नखावर फिरवून पाहा, किती खरखरीत लागतात ते कळेल; आत-बाहेर करताना तेच आटे भोक आतून खरवडतात.

लग्नात दुसऱ्या कानाला चापाची बुगडी लावा. भोक बरं झालं की सोनाराकडून हीच बुगडी १.२ मिमीच्या गुळगुळीत दांडीवर बसवून घ्या. आटे बाहेरून नकोत, दांडीच्या आत पाडायला सांगा.

प्रतिसाद

पुळीवर हळद-खोबरेल लावू नका, तेलाने भोकाचं तोंड बुजतं. दिवसातून दोनदा ०.९ टक्के सलाइन, मग स्वच्छ कागदाने टिपून कोरडं. दांडी फिरवू नका.

कानाचा वरचा भाग लाल, गरम, टणक झाला आणि खालची कानाची पाळी मात्र नेहमीसारखी राहिली, किंवा पू आला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. कूर्चेला, म्हणजे वरच्या कानातल्या मऊ, लवचिक हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या आवरणातून पोषण मिळतं. तिथे पू साठला की कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. दांडी काढायची की ठेवायची, तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.