वॅक्स लावायचा फोम पॅड धुवून परत वापरावा की सरळ नवा घ्यावा?

इंदिरानगर_नाशिक
नमस्कार मंडळी. माझी गाडी काळी आहे आणि सोसायटीत उघड्यावरच उभी असते, वर पत्रा वगैरे काही नाही, म्हणून पावसाळा संपला की एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा घरीच वॅक्स करतो. डब्यातलं कार्नोबा पेस्ट वॅक्स आहे आणि त्याच्यासोबतच आलेला पिवळा गोल फोमचा पॅड. काल डबा काढला तर पॅडची एक बाजू पार कडक झालेली, दाबलं की कुरकुर वाजतंय आणि कडेला पांढरट खपली धरलीये. दुसरी बाजू अजून मऊ आहे. गरम पाण्यात बुडवून ठेवला तर आतलं वॅक्स वितळून निघेल का? शेजारचे काका म्हणतात रॉकेल नाहीतर पेट्रोलने पटकन निघतं, पण मन धजत नाही. काळ्या रंगावर जरा काही घासलं गेलं की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात बोनेटवर, भीती त्याचीच आहे. धुवून वापरू की टाकून देऊ?

सातपूरवाला
भाऊ, माझं गाड्या पॉलिश करायचंच काम आहे त्यामुळे हे रोजचं आहे, नीट सांगतो. पेट्रोल, रॉकेल, थिनर यातलं काहीही लावू नका. हा फोम पॉलीयुरेथेनचा असतो, त्याने तो फुगतो आणि चिकटवलेले थर असतील तर सुटतात, शिवाय घरात पेट्रोल घेऊन बसायचं म्हणजे आगीशी खेळ. आता गरम पाण्याचं. कार्नोबा हे झाडाच्या पानावरचं मेण आहे, ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाचं, आणि ते वितळतं 82 ते 86 डिग्रीला. गिझरचं पाणी तेवढं नसतं. डब्यात इतर मऊ मेणं पण असतात म्हणून कोमट पाण्याने पॅड सैल होतो हे खरं, पण नुसत्या पाण्याने वॅक्स निघत नाही, ते काम साबणाचं. आणि गॅसवर पाणी उकळून त्यात पॅड टाकायचा प्रयोग करू नका, फोम बाद होईल.

भांडी घासायचं लिक्विड घ्या, पावडर नको कारण तिचे न विरघळलेले कण छिद्रांत अडकून बसतात. हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात लिक्विड टाकून पॅड थोडा वेळ भिजू द्या, मग थोडं लिक्विड थेट कडक बाजूवर घेऊन अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जा. पिळायचा नाही हां, कपडा पिळतो तसा पिळला की फोम आतून फाटतो आणि पुढच्या वेळी त्याचे बारीक तुकडे वॅक्ससोबत गाडीवर येतात. तळहातांत धरून दाबा, सोडा, दाबा, सोडा. आधी दुधासारखं पांढरं पाणी निघेल, ते स्वच्छ यायला लागलं आणि फेस थांबला की झालं. मग कोरड्या टॉवेलात दाबून सावलीत वाळत ठेवा. उन्हात नको, उन्हाने फोम पिवळा पडून ठिसूळ होतो.

एवढं करूनही ती बाजू कडकच राहिली किंवा नखाने घासल्यावर भुगा पडला तर विचार न करता नवा घ्या. काळी गाडी आहे तुमची.

पंचवटी_डिझेल
मी जरा वेगळं बोलतो. प्रत्येक वेळी धुवायची गरजच काय? पॅड एकाच वॅक्सला वापरत असाल तर काम झालं की झिपच्या पिशवीत घालून हवा काढून ठेवून द्या, पुढच्या वेळी त्यात मुरलेलंच वॅक्स कामी येतं आणि कमी लागतं. पिशवी बंद असली की आतलं वॅक्स लवकर सुकत नाही. यांचा पॅड कडक झाला तो उघडा राहिला म्हणून असणार. मी असंच करतो आणि माझा मऊ आहे.

सातपूरवाला
पंचवटीवाले दादा, तुमचं चुकीचं नाही, पण तुमची गाडी बंद गॅरेजमध्ये असते का? उघड्यावर वॅक्स करायचं तर आपल्याकडे सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजाग रस्ते खोदलेत, गाडी धुवून पुसेपर्यंत तिच्यावर परत धुरळा बसलेला असतो. तो पॅड ओढून घेतो आणि पिशवीत वॅक्ससोबत तोच जपून ठेवला जातो. वॅक्स सुकलेलं परवडलं, पण मातीचा एक खडा पॅडमध्ये राहिला तर पुढच्या वेळी तो पूर्ण दारावर गोल गोल फिरणार. म्हणून मी धुवायलाच सांगतो, आणि काम संपल्या संपल्या, वॅक्स ओलं आहे तोवर. तेव्हा दोन मिनिटांत निघतं, दुसऱ्या दिवशी अर्धा तास घासावं लागतं.

अजून एक, पॅड इतका भरायचं कारण बहुतेक वेळा जास्त वॅक्स घेणं हेच असतं. पॅड अगदी किंचित ओला करून डब्यावर हलका फिरवायचा, थर इतका पातळ हवा की वाकून बघितल्यावरच दिसेल. जाड थराने चमक वाढत नाही, पुसायला त्रास होतो आणि उरलेलं सगळं फोममध्ये जाऊन बसतं.

देवळाली_मॉम
मला यात एकच भर घालायची आहे, पॅड खाली पडला की तो बॉडीसाठी संपला. धुतल्यावरही मी तो परत पेंटला लावत नाही, कारण आत काय शिरलंय ते डोळ्यांना दिसत नाही. टाकायचाही नाही, टायरला ड्रेसिंग, म्हणजे टायर काळे चकचकीत करायचं लिक्विड, लावायला उत्तम चालतो. फक्त एकदा टायरवर गेला की परत वर यायचा नाही, म्हणून मी मागे मार्करने टायर असं लिहून ठेवते.

इंदिरानगर_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंची मार्करची युक्ती लगेच करतो. कडक बाजू आज धुतली, बरीच मऊ झाली पण कडेला दाबलं की पिवळे कण पडतायत, म्हणजे नवाच घ्यायला लागणार. अजून दोन शंका. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जड आहे, फेसच नीट होत नाही. आणि भावाने सिरॅमिक कोटिंगचं (वॅक्सऐवजी लावतात तो सुकून कडक होणारा थर) किट मागवलंय, त्याच्यासोबतचा पॅड पण असाच धुवायचा का?

सातपूरवाला
कण पडतायत तर बरोबर केलंत, नवा घ्या, आणि एकदम दोन-तीन घ्या म्हणजे वॅक्सचा वेगळा, पॉलिश किंवा रबिंग कंपाउंडचा वेगळा ठेवता येईल. कंपाउंडमध्ये घासणारी पावडर असते, तो पॅड वॅक्सला कधीच नको. पण ढीगभर घेऊन साठवू नका, हा फोम नुसता पडून राहिला तरी काही वर्षांनी भुरभुरीत होतो.

जड पाण्यात लिक्विड थोडं जास्त लागेल, आणि शेवटचं खळबळणं तेवढं प्यायच्या आरओ फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर क्षार फोममध्ये सुकतात.

सिरॅमिकचा पॅड आणि त्यावरचा कपडा धुवायच्या भानगडीत पडू नका. ते कोटिंग एकदा कडक झालं की साबणाने निघतच नाही, आणि तसाच परत वापरला तर ते कडक टोक पेंटवर ओरखडे काढतं. एका गाडीला एक, काम झालं की टाकून द्यायचा. भावाला सांगा, दुपारच्या उन्हात बोनेट तापलेलं असताना लावू नको, सावलीत गाडी गार झाल्यावरच.