केअरगिव्हर : काळजीवाहू, काळजीवाहक की आणखी काही?

पानगळ
असाध्य आजारातल्या तरुण मुलामुलींना घरीच सांभाळणाऱ्यांसाठी एक पुस्तिका मराठीत आणतेय. ‘केअरगिव्हर’ला ‘काळजीवाहक’ लिहिलं होतं. मसुदा एका बाईंना वाचायला दिला, त्यांचा मुलगा चोवीस वर्षांचा. त्यांनी तो शब्द पेन्सिलीनं खोडून बाजूला लिहिलं, ‘मी आई आहे.’ तिथेच अडलेय. पुस्तिकेत भाऊ, बायको, मैत्रीणही आहेत, त्यामुळे ‘आई’नं भागत नाही. काय लिहू?

शब्दवेडा
‘काळजीवाहू’ नकोच, तो निवडणुकीपर्यंतच्या सरकारला देऊन टाकलाय. ‘वाहक’ म्हटलं की बसमधला तिकीट देणारा नाहीतर रोगाचा वाहक. ‘शुश्रूषक’ घ्या. आणि कृपा करून ‘सुश्रुषा’ लिहू नका, दोन्ही ‘श’ शहामृगातले, दुसरा उकार दीर्घ.

उंबरठा
शुश्रूषक म्हटलं की पगारी माणूस डोळ्यांपुढे येतो. घरात आपण विचारतो, ‘त्याचं कोण करतं?’ ‘आजीचं सगळं वहिनीनंच केलं’ म्हटलं की अंग पुसण्यापासून बेडपॅनपर्यंत सगळं त्यात आलं. ‘करणारी माणसं’ लिहा.

शब्दवेडा
काय करणारी? बोलण्यात संदर्भ असतो म्हणून चालतं. छापील मजकुरात शब्दाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं.

जुनी वही
मी ‘शुश्रूषे’च्या बाजूनं, पण शुद्धतेसाठी नाही. माझा भाऊ सव्वीसचा होता. दर चार तासांनी मॉर्फिन, त्यानं पोट साफ होत नाही म्हणून सोबत रेचक, दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा गादीला घासू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी. मी वहीत सगळ्याच्या वेळा लिहायचे. एका रात्री तो म्हणाला, ‘वही ठेव खाली. बस जरा.’ आणि उजाडेपर्यंत बोलला. परत ॲडमिट व्हायचं नाही, मित्रांना येऊ द्या, मी झोपलोय असं त्यांना खोटं सांगू नका. शुश्रूषेचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ हे मला नंतर कळलं. ‘श्रु’ धातूचं इच्छादर्शक रूप.

शब्दवेडा
ताई, तुमचं दुःख समजतं. पण ते ऐकणं गुरूचं, वडीलधाऱ्यांचं, म्हणजे आज्ञापालन. त्यावरून सेवा. रुग्णाचं मन ऐकणं हा अर्थ आपण आज चढवतोय.

जुनी वही
चढवत नाहीये. आज्ञापालनच म्हणतेय मी. त्याच्या शरीराचं काय करायचं ते त्यानंच सांगायचं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला पुन्हा बाळ करून टाकलं होतं.

उंबरठा
हे पटलं. तरी शब्द जड आहे. ‘उस्तवार’ कसा वाटतो?

शब्दवेडा
उस्तवारीत कटकटीची छटा आहे. ‘किती उस्तवार करायची याची!’ असंच ऐकलंय.

उंबरठा
आमच्याकडे नाही. आजी लेकीच्या बाळंतपणाची उस्तवार अभिमानानं सांगायची.

पानगळ
आणखी एक विचारते. शेवटच्या दिवसांत गिळता येत नाही, घशात स्राव साठतो, श्वासाबरोबर आवाज येतो. मी ‘घरघर’ लिहिलं. संपादक म्हणतात, लोक घाबरतील, ‘श्वसनध्वनी’ करा.

जुनी वही
अजिबात करू नका. तो आवाज रात्री तीनला ऐकू येतो तेव्हा मनात ‘घरघर’च येतं. तेच लिहा आणि पुढच्याच ओळीत सांगा की आवाज ऐकणाऱ्याला सोसत नाही, पण बहुतेक वेळा रुग्णाला त्याचा त्रास होत नसतो, आणि त्याला कुशीवर वळवलं तर आवाज कमी होऊ शकतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शब्दवेडा
इथे मीही ‘घरघर’च्याच बाजूनं. नादानुकारी शब्दाला पर्याय शोधू नये.

उंबरठा
आणि तोंड कोरडं पडतं तेव्हा ओल्या कापसाचा बोळा फिरवतो, त्याला काय लिहिलंयत?

पानगळ
‘मौखिक निगा’.

उंबरठा
खोडा. ‘ओठ ओले करणं’ लिहा.